जीजी ते केवायएस : मुलांच्या गेम-चॅटमधल्या अक्षरांचा अर्थ आणि उगम

'मु. पो. धाड, ता. जि. बुलढाणा.' ही ओळ वाचताना आपण कुणीच अडखळत नाही. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा हे शब्द पूर्ण लिहिलेले नसले तरी डोळा ते आपोआप पूर्ण करतो. पण ज्याने कधी पत्र पाहिलंच नाही, त्याच्यासाठी ही नुसती तुटकी अक्षरं आहेत. आपली मुलं मोबाइलवर बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स खेळताना जे लिहितात, ते वाचताना आपण पालक आणि शिक्षक नेमके त्या माणसाच्या जागी असतो.

ही अक्षरं आता मोबाइलपुरती राहिलेली नाहीत. वहीच्या शेवटच्या पानावर, बाकावर, कधी चाचणीच्या पेपरखालीसुद्धा आम्हाला ती दिसतात. पालकसभेत अम्मी-अब्बू विचारतात, "हा पोरगा दिवसभर काय लिहीत असतो, काही वाईट तर नाही ना?" खरं उत्तर असं आहे की यातली बहुतेक अक्षरं साधी आहेत, काही उद्धट आहेत, आणि दोन-चार अशी आहेत की ती दिसली तर पालकांनी हातातलं काम बाजूला ठेवायला हवं. ही तिन्ही वेगळी ओळखता यावीत म्हणून हा लेख.

एक सूचना. पडद्यावर ही अक्षरं रोमन लिपीत दिसतात. इथे आम्ही ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. जी आणि जी शेजारी दिसले की ते 'जीजी' समजावं.

अक्षरं आखडती का होतात

शब्द छोटे करण्याची सवय मोबाइलने लावलेली नाही. जागा, वेळ किंवा पैसा कमी पडला की माणूस अक्षरं वाचवतो. आपल्याकडच्या पत्रांत 'सा. न. वि. वि.', 'चि.', 'ता. क.' होतंच. तार करताना शब्दागणिक पैसे पडत, म्हणून मजकूर शक्य तितका छोटा केला जाई. ती तारसेवा 2013 मध्ये बंद झाली. त्यानंतरच्या काळातला म्हणावा तो एसएमएस प्रत्यक्षात तिच्या आधीच, 1992 मध्ये, सुरू झाला होता. त्यात रोमन लिपीच्या 160 अक्षरांची मर्यादा होती. आज चाळिशीत असलेल्या आपल्या पिढीने त्या मर्यादेत किती कसरती केल्या, ते आठवून बघा.

मुलं ज्याला आपलं समजतात ते 'ओएमजी', म्हणजे 'ओह माय गॉड', शंभर वर्षांहून जुनं आहे. ब्रिटिश नौदलातले निवृत्त अधिकारी लॉर्ड फिशर यांनी 1917 मध्ये विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात ते सापडतं.

खेळातलं कारण आणखी सोपं आहे. दोन्ही अंगठे पळण्यात आणि नेम धरण्यात गुंतलेले असतात. 'मी दोन मिनिटं नाही' एवढं लिहीपर्यंत खेळ संपलेला असतो. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठातल्या रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचा खेळ तयार केला. त्यात चित्रं नव्हती. अनेक जण एकाच वेळी फक्त अक्षरं टाइप करून खेळत. 1988 मध्ये फिनलंडमध्ये आयआरसी ही गप्पांची सोय सुरू झाली. आजची कित्येक अक्षरं अशा खेळांत आणि गप्पांच्या खोल्यांतच रुळली.

सामन्याच्या आधी, मध्ये आणि नंतर

जीएलएचएफ : 'गुड लक, हॅव फन'. शुभेच्छा, मजा करा. सामना सुरू होताना समोरच्याला उद्देशून लिहितात.

जीजी : 'गुड गेम'. आपल्याकडे 'जी जी' म्हणजे होकार, इथे मात्र 'खेळ छान झाला'. 1998 मध्ये आलेल्या स्टारक्राफ्ट या खेळाने कोरियात वेड लावलं, तेव्हा हा रिवाज पक्का झाला. हरणारा आधी जीजी लिहायचा आणि मग बाहेर पडायचा. म्हणजे हार मान्य करण्याची ती रीत होती. कुस्तीत हरलेला पैलवान जिंकणाऱ्याचा हात हातात घेतो, तसंच काहीसं.

डब्ल्यूपी : 'वेल प्लेड'. छान खेळलास.

एएफके : 'अवे फ्रॉम कीबोर्ड'. कीबोर्ड कॉम्प्युटरचा, पण शब्द मोबाइलवरही टिकला. अर्थ, मी जागेवर नाही. बीआरबी म्हणजे 'बी राइट बॅक', लगेच येतो.

इथे पालकांनी एक गोष्ट समजून घ्यावी. "अम्मी, बस एक मॅच, अभी पॉज नहीं होता," असं मूल म्हणतं तेव्हा ते दरवेळी बहाणा करत नसतं. चौघांच्या टीमचा ऑनलाइन सामना खरोखर मध्येच थांबवता येत नाही. एक जण एएफके झाला की बाकीचे तिघं अडचणीत येतात. फ्री फायरचा सामना साधारण दहा मिनिटांचा असतो, बीजीएमआयचा मोठा सामना अर्ध्या तासाच्या आसपास जातो. हे माहीत असलं की मगरिबच्या अजानला दहा मिनिटं असताना नवा सामना सुरू होणार नाही, एवढा नियम घरात आधीच ठरवता येतो. मग फोन हिसकावण्याची वेळ येत नाही.

एमव्हीपी : 'मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर'. सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू. हा शब्द अमेरिकन मैदानी खेळांतून आला.

क्लच : टीममधला एकटा उरलेला खेळाडू समोरच्या दोघा-तिघांना हरवतो, ती कामगिरी. गाडीच्या क्लचशी गल्लत करू नये. हाही अमेरिकन मैदानांवरचा शब्द.

'विनर विनर चिकन डिनर' आणि 'बूयाह' : पहिली ओळ पब्जी आणि बीजीएमआय जिंकल्यावर पडद्यावर येते, दुसरा शब्द फ्री फायरमध्ये. मुलं कोंबडीच्या जेवणाबद्दल बोलत नसतात. पहिली ओळ अमेरिकेतल्या जुगारअड्ड्यांवरच्या बोलीतली आहे.

खेळाच्या यंत्रणेचे शब्द

एचपी, एक्सपी, एनपीसी : 'हिट पॉइंट्स' म्हणजे अंगात किती जीव उरला, 'एक्सपीरियन्स पॉइंट्स' म्हणजे किती अनुभव जमा झाला. एनपीसी म्हणजे खेळातलं असं पात्र, ज्याला कुणी माणूस चालवत नाही. तिन्ही शब्द 1974 च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या कागद-फाशांच्या खेळाच्या परंपरेतले. अलीकडे मुलं एखाद्याला हिणवायलाही एनपीसी म्हणतात. म्हणजे स्वतःचं डोकं नसलेला.

केडी : 'किल' आणि 'डेथ' यांचं प्रमाण. सरासरी किती बाद केले, किती वेळा स्वतः बाद झाला. क्रिकेटच्या सरासरीसारखा हा आकडा मुलं जिवापाड जपतात.

टीपीपी, एफपीपी : खेळाडूला मागून पाहत खेळायचं की त्याच्याच डोळ्यांतून, एवढाच फरक. टीडीएम म्हणजे दोन टीममधली छोटी चकमक.

ओपी : 'ओव्हरपॉवर्ड', गरजेपेक्षा जास्त ताकदवान. मूळ शब्द तक्रारीचा होता, हे शस्त्र फार भारी आहे, खेळ बिघडतो, अशा अर्थाचा. आपल्याकडच्या पोरांनी त्याचं कौतुक करून टाकलं. 'ओपी भाई' म्हणजे 'लई भारी'.

नर्फ : एखाद्या शस्त्राची ताकद कंपनीने कमी केली की ते 'नर्फ' झालं. मऊ फोमच्या खेळण्यांचा नर्फ हा अमेरिकन ब्रँड, त्याच्या गोळ्या लागल्या तरी दुखत नाही, त्यावरून.

पिंग आणि लॅग : पिंग म्हणजे आपला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. 1983 मध्ये माइक मूस या अमेरिकन अभियंत्याने तो मोजणारा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडी शोधताना ध्वनी सोडून प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून त्याने हे नाव दिलं. पिंग वाढला की खेळ अडखळतो, तोच लॅग. गावात रेंज कमी असली की 'लॅग हो रहा' हे ओरडणं त्यामुळेच.

बॉट : रोबोटचं अर्धं रूप. कॅरेल चापेक या चेक लेखकाच्या 1920 च्या नाटकातून रोबोट शब्द जगभर गेला. मुळातल्या 'रोबोटा' शब्दाचा अर्थ वेठबिगारी. खेळात बॉट म्हणजे यंत्राने चालवलेला खेळाडू. माणसाला बॉट म्हटलं तर तो टोमणा.

आपल्या घरातून गेलेले शब्द

खेळातला प्रत्येक शब्द परदेशी आहे असं मानण्याचं कारण नाही. 'लूट' हा मुलांचा आवडता शब्द. मैदानात पडलेली शस्त्रं आणि औषधं गोळा करणं म्हणजे लूट. हा शब्द इंग्रजीने अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातूनच उचलला. तिकडून फिरून तो आपल्याच पोरांच्या तोंडी इंग्रजी म्हणून परत आला. खेळातल्या आपल्या रूपाला 'अवतार' म्हणतात, तोही इथलाच.

'मॅग' म्हणजे मॅगझिन, बंदुकीत गोळ्या भरायची पेटी. याचं मूळ अरबी 'मख्ज़न' म्हणजे कोठार. अरबीतून तो शब्द युरोपच्या भाषांत गेला. तिथे दारूगोळ्याचं कोठार, मग गोळ्यांची पेटी असा त्याचा अर्थ होत गेला. 1731 मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'ने तो मासिकासाठी वापरला, म्हणजे माहितीचं कोठार. त्याच अरबी धातूतून 'ख़ज़ाना' आला आणि मराठीत खजिना, खजिनदार झाला. उर्दू आणि मराठी दोन्ही येणाऱ्या मुलाला हे सांगून पाहा. मोबाइलवरून मान वर होते, हा आमचा वर्गातला अनुभव आहे.

चिडवण्याचे आणि उद्धट शब्द

नूब : 'न्यूबी' म्हणजे नवखा, त्यावरून. नवख्याला शिकवायचं की हिणवायचं, हे बोलणाऱ्यावर. बहुतेक वेळा हिणवायलाच वापरतात.

ईझी : दोनच अक्षरांत लिहितात. 'तुला हरवणं सोपं होतं.' जीजीच्या मागे ईझी लावला की चांगल्या रिवाजाचा अपमान होतो. आम्ही वर्गात स्पष्ट सांगतो की हरलेल्याला ईझी म्हणणं ही जिंकण्याची रीत नाही.

कॅम्पर : एका जागी दडून बसणारा. शिवी नाही, तक्रार आहे.

डब्ल्यूटीएफ आणि एसटीएफयू : दोन्हींत इंग्रजीतली घाणेरडी शिवी दडलेली आहे. पुष्कळ मुलांना ती दडलीय हे माहीतच नसतं, सगळे लिहितात म्हणून तीही लिहितात. ओरडण्याआधी 'याचा पूर्ण अर्थ माहीत आहे का?' एवढं विचारावं.

इथे मात्र थांबायचं

एएसएल : 'एज, सेक्स, लोकेशन'. वय किती, मुलगा की मुलगी, राहतोस कुठे. नव्वदच्या दशकातल्या गप्पांच्या खोल्यांत अनोळखी लोक पहिला प्रश्न हाच विचारत. अक्षरं आता कमी दिसतात, पण प्रश्न तसाच आहे. 'कहाँ से हो', 'कौनसी क्लास', 'पिक भेजो' या रूपात तो येतो. गाव, शाळा आणि फोटो या तीन गोष्टी मिळाल्या की धाडसारख्या लहान गावात मूल शोधायला वेळ लागत नाही. खेळताना ही माहिती द्यायची गरज कधीच पडत नाही, हे मुलामुलींना पाठ असायला हवं.

डीएम : 'डायरेक्ट मेसेज', खासगी निरोप. हा शब्द वाईट नाही. पण अनोळखी माणूस खेळातून उठवून दुसऱ्या ॲपवर, एकांतात बोलवत असेल, तर ते धोक्याचं लक्षण. सोबत 'घर में मत बताना' असेल तर शंकाच नको.

केवायएस : तीन अक्षरं, आणि अर्थ 'स्वतःचा जीव घे'. हरल्याच्या रागात मुलं एकमेकांना हे सहज लिहितात. लिहिणाऱ्याला ते थट्टेचं वाटतं. वाचणारं मूल त्या दिवशी कोणत्या मनःस्थितीत आहे, हे त्याला माहीत नसतं. आपल्या मुलाने लिहिलं असेल तर अर्थ समजावून ते बंद करायला लावा. आपल्या मुलाला कुणी लिहिलं असेल तर स्क्रीनशॉट काढा, खेळातच तक्रार करा, त्या खेळाडूला ब्लॉक करा, आणि मुलाजवळ बसून बोला. मूल गप्प-गप्प असेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर टेली-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर बोलता येतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

व्हॉट्सॲपवर 'मुलांचे गुप्त कोड' म्हणून लांबलचक याद्या फिरतात. त्यातली पुष्कळ अक्षरं मुलं प्रत्यक्षात वापरत नाहीत. यादी घेऊन मुलाची झडती घेण्यापेक्षा दिसलेल्या अक्षराचा अर्थ त्यालाच विचारणं केव्हाही बरं.

पैशाची अक्षरं

यूसी : बीजीएमआयमधलं चलन. फ्री फायरमध्ये 'डायमंड्स'. दोन्ही खऱ्या रुपयांनी विकत घ्यावे लागतात. टॉपअप म्हणजे ते भरणं, आणि ते बहुतेक वेळा अब्बूंच्या यूपीआयवरून होतं.

क्रेट किंवा स्पिन : यूसी खर्च करून बंद पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशिबावर. पैसे आधी, वस्तू नशिबाने, हा सोडतीचाच प्रकार. शरीयतच्या नजरेने याकडे कसं पाहायचं, ते आपल्या भागातल्या आलिमांना विचारावं. शिक्षक म्हणून आम्ही एवढंच म्हणू की मुलाला ही सवय लागण्याआधी तिचं नाव माहीत असावं.

'आयडी सेल', 'फ्री यूसी', 'ओटीपी दे' : ही तिन्ही फसवणुकीची दारं आहेत. फुकट यूसीचं आमिष दाखवून लिंक पाठवतात, मग ओटीपी मागतात, आणि खातं किंवा पैसे जातात. पैसे गेलेच तर पहिल्या काही तासांतच 1930 वर फोन करावा. जितका लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

कायद्याचंही थोडक्यात. पब्जी मोबाइलवर 2 सप्टेंबर 2020 रोजी बंदी आली. 2021 मध्ये त्याच जातीचा बीजीएमआय आला, जुलै 2022 मध्ये तो स्टोअरवरून हटवला गेला आणि मे 2023 मध्ये परतला. परतताना 18 वर्षांखालच्यांसाठी रोज तीन तासांची मर्यादा घातली गेली. मुलं मोठ्यांचं वय टाकून ती चुकवतात, म्हणून खात्यात वय काय लिहिलंय ते पाहावं. फ्री फायरवर फेब्रुवारी 2022 मध्ये बंदी आली, फ्री फायर मॅक्स चालू राहिला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ, मग ते कौशल्याचे म्हणवोत की नशिबाचे, चालवायला त्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. तेव्हा चॅटमध्ये कुणी 'ये ॲप में पैसा डबल' लिहीत असेल, तर तो माणूस मुलाला कायद्याच्या बाहेर बोलावतोय.

सलामची अक्षरं

आपल्या मुलांची काही खास अक्षरंही आहेत. एओए म्हणजे अस्सलामु अलैकुम, जेझेडके म्हणजे जज़ाकल्लाह. काही जण खेळातल्या नावापुढे 786 लावतात. अबजद पद्धतीत अरबी अक्षरांना आकडे दिलेले असतात, त्यानुसार बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीमच्या अक्षरांची बेरीज 786 होते. या वापराबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत. सलाम मात्र पूर्ण शब्दांत करावा, ही आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण आहे. दुआ आखडती घेण्यात अंगठ्याचे दोन सेकंद वाचतात, यापलीकडे काही मिळत नाही.

घरी काय करावं

पहिलं, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं मुलाशेजारी बसून सामना पाहा. न कळलेलं प्रत्येक अक्षर विचारा. शिकवायला मिळालं की मूल खुलतं, आणि जो शिकवतो तो लपवत कमी.

दुसरं, अनोळखी लोकांसाठी व्हॉइस आणि चॅट बंद ठेवायची सोय सेटिंगमध्ये असते. ती वापरा. वर्गमित्रांची टीम करून खेळता येतं.

तिसरं, मुलींना वगळू नका. पुष्कळ मुली भावाच्या नावाने खेळतात. काही विचित्र घडलं तर फोन जाईल या भीतीने त्या सांगत नाहीत. 'खरं सांगितलंस तर फोन काढून घेणार नाही' हा शब्द मुलालाही द्या आणि मुलीलाही, आणि दिलेला शब्द पाळा.

चौथं, कुणी फोटो मागतोय, धमकावतोय, भेटायला बोलावतोय असं कळलं तर चॅट पुसू नका. तो पुरावा आहे. मुलांसाठीचा 1098 हा क्रमांक आणि तातडीला 112 लक्षात ठेवा.

घरी आल्यावर मुलाला एवढंच विचारा, "आज जीजी झालं का?" ते आधी चमकेल, मग हसेल, आणि मग बोलायला लागेल. बाकीची अक्षरं तेच समजावून सांगेल.